शुक्रवारचं दार

रविवार, ८ जानेवारी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावरचं अक्षर बघताक्षणी ओळखलं, पण फोडायचा धीर होईना. एका गिऱ्हाइकाचं तिजोरीचं कुलूप पुढ्यात होतं, ते उघडत बसले. दहा मिनिटांच्या कामाला तास लागला. एकतीस वर्षांनी पत्र पाठवतोस आणि त्यात ओळी मोजून तीन. मुलाचं लग्न ठरलंय. मुलीकडच्यांनी विचारलंय की तुमच्या घरचे रीतिरिवाज काय, कारण लग्नानंतर आपल्या ज्यू लोकांत मुलीला सासरचेच पाळायचे असतात. आणि शुक्रवारच्या दाराच्या नेमातून सुटायची काही सोय आहे का, ते तिकडच्या रब्बींना विचार.

ताई, तू कशी आहेस, अशी चौथी ओळ लिहिली असतीस तर तुझी शाई संपली नसती. असो. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात. तुझे भाऊजी जाऊन चार वर्षं झाली, बाबांना जाऊन बारा, ते तुला कळवलंच होतं. दुकान मी एकटी चालवते. बाई कुलूप दुरुस्त करते म्हणून पूर्वी लोक वाकून बघायचे, आता सवय झाली त्यांना.

रब्बींकडे गेले. हे नवीन आहेत, तुझ्या मुलाच्याच वयाचे असतील, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आमच्या घराच्या दाराला कुलूप लावायचं नाही आणि कडीही नाही. शुक्रवारी दुपारी बाबा किल्ली खिळ्यावरून काढून दुकानाच्या खणात टाकत. आजोबाही तेच करत, पणजोबाही. का, ते कोणी सांगितलं नाही. रब्बींना वाटलं, शब्बाथच्या विसाव्यात रस्त्यातून काही वाहून न्यायचं नाही, किल्लीसुद्धा नाही, म्हणून असेल. मी हसले. अर्ध्या समाजाच्या कमरेला बाबांनी केलेले पट्टे आहेत, बकलाच्या जागी घराची किल्ली बसवलेले; जे अंगावर घातलं ते वाहून नेलं असं होत नाही. रब्बींनी कोट बाजूला करून दाखवला. त्यांच्याही कमरेला बाबांचाच पट्टा, आधीच्या रब्बींच्या बायकोने दिलेला. दुनियेला किल्लीचे पट्टे करून देणाऱ्याच्या घराला कुलूप नाही, हे ऐकून त्यांनी आपल्या पट्ट्यावरची किल्ली चाचपली.

मग म्हणाले, चांगली म्हणून धरलेली रीत तीनदा पाळली की ती नवसासारखी अंगाला लागते, मुलांनाही लागते. सोडायची तर तीन जाणत्या माणसांपुढे बसून सोडवून घ्यावी लागते. पण ज्याला सुटायचंय त्याने स्वतः यायला हवं. बहिणीला पाठवून भागत नाही.

मी म्हटलं, तो ज्या शहरात राहतो तिथे सगळेच कुलपं लावतात, तिथली रीत त्याला लागू होत नाही का? ते म्हणाले, गावाची रीत लागू होते, पण माणूस परतायचं नाही असं ठरवून गेला असेल तरच. परत जाण्याचं मनात असेल तर सोडून आलेल्या गावाची रीत त्याच्यावर राहते. आणि घराण्याचा नेम तर गाव बदलला तरी सुटत नाही. मग त्यांनी विचारलं, तुमच्या भावाचं परत यायचं मनात आहे का?

ज्या शुक्रवारी कडी लागली, त्यानंतर तू गेलास, एवढंच मी त्यांना सांगितलं. बाकी मला काय ठाऊक? तूच कळव.

तुझी
ताई

सोमवार, २३ जानेवारी

प्रिय बारक्या,

तोंड गोड कर. तू सुटलास.

शनिवारी आत्याकडे गेले होते. एक्याण्णव वर्षांची झाली, दात दोन उरलेत, जीभ मात्र अख्खी आहे. तुझ्या मुलाच्या लग्नाचं सांगितलं तर म्हणाली, तो काल लंगोटीत होता. तुझ्या मुलाला तिने पाहिलेलाच नाही. ती तुझ्याबद्दल बोलत होती. मग मी दाराचा विषय काढला. बाबांना विचारलं की 'माझे बाबा करायचे' एवढंच उत्तर यायचं, म्हणून आत्याला या बाबतीत काही ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. ती म्हणाली, ठाऊक आहे की, आजीने सांगितलं होतं.

आणि काय सांगितलं असेल? एका शुक्रवारी संध्याकाळी पणजोबांच्या स्वतःच्या घराचं कुलूप बिघडलं. आतली स्प्रिंग तुटली, खटका आत गेला तो बाहेरच येईना. दिवे लागले होते, शब्बाथचा विसावा सुरू झाला होता, आता पान्याला हात लावायची सोय नाही. पणजोबा कुलूपवाले, गावाची कुलपं त्यांच्या हातची, आणि त्यांच्या घराचं दार रात्रभर नुसतं लोटलेलं. पणजी त्यांना इतकी हसली की शेजारी चौकशीला आले. बस, एवढंच. पोरांनी पाहिलं, शुक्रवारी दाराला कुलूप नसतं, आणि त्यांनी तेच धरलं.

मी धावत रब्बींकडे. त्यांनी सांगितलं की चुकीतून निघालेली रीत ही रीतच नव्हे. ती बांधत नाही, तिला तीन माणसं लागत नाहीत, सरळ सोडून द्यायची. म्हणजे बघ, तुला गाडीचं तिकीटसुद्धा काढायला नको. मुलीकडच्यांना खुशाल सांग, आमचा असा काही रिवाज नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी आले आणि दाराकडे बघत बसले. एका तुटक्या स्प्रिंगपायी आईचा चांदीचा पेला चोराने नेला. प्रार्थनालयातून आलो तर कपाट उघडं होतं. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाबांनी शब्बाथच्या आशीर्वादाचा द्राक्षरस काचेच्या ग्लासात ओतला आणि म्हणाले, 'पेला गेला. दार आहे.' तू तेव्हा ताटावरून उठलास, आणि पुढच्या गुरुवारी ती लोखंडी कडी करून आतून दाराला ठोकलीस. बाबांनी कडी मागेपुढे सरकवून पाहिली, काम चांगलं झालंय म्हणाले, आणि शुक्रवारी तिला हात लावायचा नाही असंही म्हणाले.

आणि ती लागली. एका तुटक्या स्प्रिंगपायी तू गेलास, असं म्हणायचं आता. मला राग आला, बारक्या. कोणाचा ते कळत नाही, पणजोबांचाच असेल.

तुझी
ताई

गुरुवार, ९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. 'म्हणजे सुटलो का?' एवढंच. तुझ्या बायकोशी तरी पूर्ण वाक्यात बोलतोस ना?

नाही, सुटला नाहीस. मी घाई केली. सांगते.

आपण घरं तीन बदलली, पण कुलूप एकच, पणजोबांचं, हे तुला आठवत असेल. घर बदललं की बाबा आधी दारातलं कुलूप काढून घ्यायचे, मग भांडीकुंडी. ते कुलूप उघडून आत कोणी कधी बघितलं नव्हतं, कारण ते कधी बिघडलंच नाही. आत्याचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. जे कुलूप बिघडलं म्हणतात, त्याचा बिघाड बघावा तरी. रविवारी सकाळी दारातून काढलं, चार स्क्रू फिरवले आणि झाकण उचललं.

आत जुन्या तेलाची काळी खळ होती. ती पुसली. स्प्रिंग बदललेली होती, हे लगेच कळलं. बाकीच्या कामाहून तिचं पोलाद वेगळं, आणि बसवली आहे इतकी सफाईने की मी तासभर नुसती बघत राहिले. इतक्या वर्षांत ती ढिली पडली नाही. मी एकेचाळीस वर्षं हे काम करते आहे, माझ्याने तशी स्प्रिंग बसवणं व्हायचं नाही. आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, आपल्या घरात दुरुस्ती झाली की ओरखडतो तशी, टोकदार सळईने तारीख. तारखेपुढे वारसुद्धा. रविवार.

मी ते झाकण रुमालात बांधून रब्बींकडे नेलं. त्यांनी ते खिडकीपाशी धरून वाचलं. मग बोटं मोजायला लागले, लहान मूल मोजतं तशी.

'पहिला शुक्रवार नाइलाजाचा,' ते म्हणाले. 'तो मोजायचा नाही. रविवारी कुलूप दुरुस्त झालं. मग दुसऱ्या शुक्रवारी?'

मी म्हटलं, दुसऱ्या शुक्रवारी कुलूप ठणठणीत होतं.

'आणि त्यांनी लावलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी नाही, चौथ्याही नाही.' त्यांनी झाकण दुसऱ्या कोणाची ठेव सोपवावी तसं माझ्या हातात परत दिलं. 'बाई, चूक दुरुस्त केल्यावरही जे उरलं, त्याला मी चूक कसं म्हणू?'

माझ्या अंगावर काटा आला, बारक्या. अजून येतो आहे. शंभराहून जास्त वर्षांचं ते झाकण जन्मभर माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मी त्यात रोज किल्ली फिरवत होते, आणि आत एक माणूस लिहून गेला होता की मी हे करू शकत होतो आणि केलं नाही.

पण का, ते अजूनही कळलेलं नाही. पुन्हा आत्याकडे गेले. विचारलं, त्या पहिल्या रात्री काही झालं होतं का? कोणी आलं होतं का? आत्या म्हणाली, 'झालं असेल काहीतरी. नाहीतर काहीच झालं नसेल. दार रात्रभर उघडं राहिलं आणि काहीच झालं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं असेल.'

विचार कर. सहा दिवस जो माणूस लोकांच्या भीतीवर पोट भरतो, त्याने सातव्या दिवशी स्वतःच्या दारावर काय अनुभवलं असेल? मी कुलूपवाली आहे, मला ते समजल्यासारखं वाटतं, आणि सांगायला गेले तर शब्द सापडत नाहीत.

आणखी एक गोष्ट रब्बींनी काढली, ती माझ्यावरच उलटली. म्हणाले, तुम्ही लग्न झालेल्या, तुम्हाला नवऱ्याच्या घरची रीत लागू. तुझ्या भाऊजींच्या माहेरी, म्हणजे त्यांच्या घरी रे, दाराला दोन कड्या होत्या. तेव्हा कायद्याने मी मोकळी आहे, लग्नाच्या दिवसापासून मोकळी आहे. बांधलेला तू. त्यांनी विचारलं, मग एकतीस वर्षं तुम्ही दर शुक्रवारी दार उघडं का ठेवलंत?

मी म्हटलं, सवय. खोटं बोलले.

तुझी
ताई

मंगळवार, ७ मार्च

बारक्या,

महिना होत आला, तुझं उत्तर नाही. बरंच झालं. तुझ्या उत्तराआधी मला हे लिहायला हवं.

मी या सगळ्या पत्रांत लिहीत आले, कडी लागली, कडी लागली. कडी आपोआप लागत नाही, हे कुलूपवाल्याच्या पोरीला कोणी सांगायला नको. मी लावली. तुलाही ठाऊक आहे, कारण तू लावली नव्हतीस आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. तुझे भाऊजी तेव्हा नोकरी शोधायला बाहेरगावी होते, पाळण्यात माझी सहा महिन्यांची पोर होती, आणि बाबा प्रार्थनालयात. तू मागच्या खोलीत वाचत होतास. जिन्यावर पावलं वाजली, कोणीतरी वर शेजाऱ्यांकडे गेलं, एवढंच. पण आदल्या आठवड्यात कोणीतरी परका आपल्या कपाटात हात घालून गेला होता. मी कडी सरकवली. विचार होता की बाबा यायच्या आत काढून ठेवीन. पोरीला पाजता पाजता तिच्याशेजारी डोळा लागला.

बाबा आले. दार ढकललं. ते हलेना. त्यांनी ठोठावलं नाही. मी पुष्कळदा विचार केला की का नाही ठोठावलं, एकदा हाक मारली असती तरी मी उठले असते. ते वळले आणि प्रार्थनालयात जाऊन बाकावर झोपले, आणि सकाळी आपण त्यांना शोधायला निघणार तेवढ्यात दारात उभे राहिले. 'कडी कोणी लावली?'

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. नवऱ्याला काम नाही, बापाच्या घरात राहतेय, पदरात पोर, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि मी जी थांबले, तेवढ्यात तू म्हणालास, 'मी.'

बाबा म्हणाले, शुक्रवारी ज्याला कडी हवी, त्याने आपलं दार आपण बघावं. रविवारी तू गेलास. जाताना माझ्याकडे बघितलंस, आणि बघण्यात राग नव्हता. राग असता तर मी कधीच लिहिलं असतं.

सोमवारी बाबांनी कडी उखडली. फेकली मात्र नाही. तेल लावून, कागदात गुंडाळून खणात किल्लीशेजारी ठेवली. आणि त्यानंतर शुक्रवारी ते दाराकडे तोंड करून जेवायला बसायचे. आधी पाठ असायची. एकोणीस वर्षं ते असे बसले, आणि मी वाढत होते, आणि मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात मी उशाशी होते. तेव्हाही नाही.

म्हणून मी दार उघडं ठेवते. रीत नाही, नेम नाही. मी लावलेली कडी मी दर शुक्रवारी काढते आहे असं मला वाटतं, आणि ती निघत नाही.

तुला हवं तर या पत्राचं उत्तर देऊ नकोस.

ताई

रविवार, २६ मार्च

बारक्या, माझ्या राजा,

नऊ पानं! इतकी वर्षं साठवून ठेवली होतीस काय?

मी ती उभ्यानेच वाचली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एकाने मला पाणी आणून दिलं. आता चौथ्यांदा वाचते आहे.

मला वाटलं होतं, तुला हा नेम डोईजड झालाय, झटकून टाकायचाय. आणि तू लिहितोस की त्या उंच इमारतीत, नवव्या मजल्यावर, जिथलं दार लोटलं की आपोआप बंद होतं, तिथे तू दर शुक्रवारी दिवे लागायच्या आधी फटीत लाकडाची पाचर घालतोस. लग्नाआधी, एकटा भाड्याच्या खोलीत राहायचास तेव्हासुद्धा. बघायला कोणी नव्हतं. बापाने घराबाहेर काढलेला, न केलेल्या गोष्टीबद्दल, आणि त्याच्याच नेमाची पाचर तू दर शुक्रवारी घालत होतास. पहिली पाचर झिजली म्हणून दुसरी केलीस, हे मी ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

तुला आता कळलं ना की बांधणं म्हणजे काय? मला तरी आत्ताच कळतंय. ज्याच्यावर बंधन होतं तो तिकडे पाळत होता, जिच्यावर नव्हतं ती इकडे, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याने सोडलं असणार. आणि बाबा मध्ये दाराकडे तोंड करून. कोणी कोणाला काही बोललं नाही, आणि एक शुक्रवार चुकला नाही. मोठं काहीतरी आपल्या घरातून चाललं होतं रे, आणि आपण त्याच्याखाली भांडत होतो.

तुझ्या होणाऱ्या सुनेचं समजलं. ती एका शुक्रवारी तुमच्याकडे जेवायला आली आणि तिची नजर दारावरून हलेना, घास घशाखाली उतरेना. ती लहान असताना त्यांच्या घरात माणसं घुसली होती, हे तू लिहिलं नसतंस तर मी तिला भित्री म्हणून मोकळी झाले असते. तिच्यासाठी तुला सुटायचंय. बरोबर आहे तुझं. सुनेचा जीव टांगणीला लावून कसला नेम?

तेव्हा ये. रब्बी म्हणतात तू स्वतः हवास. रविवारी बसतील. पण तू शुक्रवारी ये, दिवे लागायच्या आत.

माझ्या त्या पत्राबद्दल तू नऊ पानांत एक अक्षर लिहिलं नाहीस. मला ते दिसलंय.

ताई

सोमवार, १७ एप्रिल

चि. सूनबाई,

अजून व्हायची आहेस, पण मी आत्तापासून म्हणते. मी तुझी होणारी आत्तेसासू, तुझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तुझ्या घरच्यांनी विचारलं होतं की या घरचे रीतिरिवाज काय. तुझे सासरे फार बोलत नाहीत, ते तुला कळलं असेलच, म्हणून उत्तर मी देते. त्यांनी माझी सगळी पत्रं तुला वाचायला दिली आहेत असं म्हणाले. मग तुला बरंचसं ठाऊक आहे. राहिलेलं सांगते.

ते शुक्रवारी आले. मी दिवे लावायच्या तयारीत होते, दाराकडे पाठ होती. मला वाटलं होतं ते बाहेर थांबतील, ठोठावतील, मी जाऊन उघडीन आणि काय बोलायचं ते मी ठरवूनही ठेवलं होतं. त्यांनी दार ढकललं, आत आले, आणि बाबांच्या खुंटीला कोट अडकवला. रोज कामावरून येणारा माणूस येतो तसे. मी जे ठरवलं होतं त्यातलं काही मला आठवलं नाही. आम्ही जेवलो. त्यांनी तुझं खूप कौतुक सांगितलं.

रविवारी दुकानात तीन जण बसले. रब्बी, बेकरीवाला आणि आमच्या शेजारचा शिंपी. बेकरीवाला भट्टी सोडून आला होता, घाईत होता. रब्बींनी तुझ्या सासऱ्यांना समजावलं की हे सोपं आहे. नेम काय तो सांगायचा, आणि म्हणायचं की तो घेतला याचा मला मनापासून पस्तावा आहे, घेतलाच नसता तर बरं झालं असतं. एवढं म्हटलं की आम्ही तिघं म्हणू, सुटलास.

त्यांनी नेम सांगितला. आम्ही वाट बघतो आहोत. शिंप्याने घसा खाकरला. रब्बी म्हणाले, आता पस्ताव्याचं म्हणा.

'ते म्हणता येत नाही,' तुझे सासरे म्हणाले. 'पस्तावा नाहीये.'

बेकरीवाला म्हणाला, मग मला भट्टीवरून उठवलं कशाला? पण तो उठला नाही. कोणीच उठलं नाही. एक माणूस सुटायला सहा तासांचा प्रवास करून आला, आणि सुटायला लागणारं एक वाक्य त्याच्या तोंडातून निघेना, कारण ते खोटं झालं असतं. रब्बींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, मग आमच्या हातात काही नाही.

तेव्हा मी म्हटलं, मला पस्तावा आहे. दाराचा नाही, कडीचा. मला सोडवा.

रब्बी माझ्याकडे वळले. 'त्याला तीन माणसं लागत नाहीत,' ते म्हणाले. 'माणसाचं माणसाशी चुकलं तर ते सोडवणं आमच्या हातात नसतं. त्याला एकच माणूस लागतो, आणि तो तुमच्यासमोर बसलाय.'

मी माझ्या भावाकडे वळले. लहानपणी मी त्याचे कान धरायची. मी म्हटलं, कडी मी लावली आणि तू माझ्या वाटचं बोललास, आणि मी तुला जाऊ दिलं. बाबांची माफी मागायची वेळ मी घालवली. तुझी मागते.

तो माझ्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, 'ताई, कडी मी केली होती. लावायसाठीच केली होती.'

बस. आणखी काही नाही. नंतर त्याने माझ्या पुढ्यातलं कुलूप ओढून घेतलं आणि कानस मागितली, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत दुकानात काम केलं. त्याचा हात अजून चांगला आहे.

आता तुझं. मी रब्बींना तुझ्या भीतीबद्दल वेगळं विचारलं. ते म्हणाले, जिवाच्या धोक्यापुढे कुठलाच नेम उभा राहत नाही. जिथे धोका आहे तिथे कुलूप लावायचंच, शब्बाथ असो की कुठलाही दिवस. आणि तुझ्या नवऱ्याला सुटायचं असेल तर त्याचं त्याने यायचं, त्याचा पस्तावा त्याचा. तो तुझ्यासाठी खरोखर म्हणू शकेल, आणि ती तीन माणसं मी एका निरोपात जमवीन. बेकरीवाल्याला सांगून ठेवलंय. तुला कोणी काही म्हणणार नाही. या घराने एकदा एका घाबरलेल्या बाईचं ऐकून घेतलं नाही, त्यात तिचीही चूक होती, पण ते पुन्हा व्हायला नको.

सोबतच्या पार्सलात तुझ्या सासऱ्यांनी केलेली कडी आहे. एकतीस वर्षं खणात होती, पण दर वर्षी तेल दिलं आहे, आधी बाबांनी, मग मी. कागदाच्या पुडीत चार स्क्रू आहेत. तुमच्या नव्या घराच्या दाराला आतून लावून घे, खांद्याच्या उंचीवर. शनिवारी तारे दिसल्यापासून शुक्रवारच्या दिव्यांपर्यंत ती घट्ट लावून ठेव, आणि निर्धास्त झोप. लाथ मारली तरी हलायची नाही, काम चांगलं झालंय, हे बाबांनीच म्हटलं होतं.

शुक्रवारचं तुझं तू बघ. पहिल्या शुक्रवारी लाव. दुसऱ्यालाही लाव. पुढे कधी एखाद्या शुक्रवारी हात कडीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला, तर मला दोन ओळी टाक. सासऱ्यांसारख्या तीनसुद्धा चालतील.

तुझी
आत्तेसासू